केरबा शेलाराचं रिव्हॉल्वर

"पुसा," साळूबाई म्हणाल्या, "पर सावकाश. त्याच्यावर वर्सावर्साचं कुंकू हाय."

माझ्यासमोर पितळी ताटात ते रिव्हॉल्वर ठेवलं होतं. रिव्हॉल्वर म्हणून सांगितलं म्हणूनच ओळखायचं. दर दसऱ्याला हळद, कुंकू, तेल यांचे थर चढत जाऊन त्याचा लालकाळा गोळा झाला होता, शेंदूर थापलेल्या देवासारखा. नुसती मूठ तेवढी ओळखू येत होती.

"मावशी, खालचे शिक्के दिसल्याशिवाय मला काही लिहिता यायचं नाही," मी म्हणालो. "हे सगळं निघेल. चालेल ना?"

"निघू दे. आत काय हाय ते मलाबी कधी दिसल्यालं न्हाई."

मी रॉकेलची बाटली उघडली आणि फडकं भिजवलं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. साताऱ्यात आमचं बंदुकांचं छोटं दुकान. आम्ही शिकलगार. आजोबा तलवारींना धार लावत, वडील पलटणीच्या वर्कशॉपात हत्यारं दुरुस्त करत, आणि त्यांच्यामागे दुकान माझ्याकडे आलं. एके दिवशी पाटणकडच्या डोंगरातल्या करंजवाडीचे सरपंच आनंदराव दुकानात आले. गावातला केरबा शेलार मोठ्या लढाईत इटलीत पडला होता. त्याचं स्मारक शाळेच्या पटांगणात बांधायचं चाललं होतं. मरताना त्यानं जर्मन साहेबाकडून हिसकावलेलं रिव्हॉल्वर गावात होतं, ते काचेच्या पेटीत ठेवायचं, आणि उद्‌घाटनाला कलेक्टर बोलवायचे. पण कलेक्टर कचेरीनं विचारलं होतं की हत्यार कुठल्या बनावटीचं, चालू आहे की बंद, किंमत काय. परवानाधारक दुकानदाराचा दाखला जोडा. म्हणून मी एस.टी.नं पाटणला आणि तिथून सरपंचांच्या जीपमधून साळूबाईंच्या दारात येऊन बसलो होतो. साळूबाई म्हणजे केरबाची बायको. पंचेचाळिशी उलटलेल्या, काटक, उन्हानं रापलेल्या. नवरा लढाईवर गेला तेव्हा त्या जेमतेम पोरगी होत्या.

उंबऱ्यापाशी खांबाला टेकून आणखी एक गृहस्थ बसले होते. डोक्याला खाकी मफलर, मिशा पांढऱ्या, पाठ मात्र अजून ताठ. धोंडी हवालदार. केरबाच्या पलटणीतले, त्याचे दोस्त. रिव्हॉल्वर गावात आणलं ते त्यांनीच.

"हवालदार," सरपंच म्हणाले, "शिकलगारभाऊंना सांगा की कसं झालं ते. दाखल्यात घालतील."

"त्यांना कशाला," धोंडी हवालदार म्हणाले.

"सांगा वो," साळूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि कीर्तनाला बसावं तशा मांडी घालून बसल्या.

हवालदारांनी सांगितलं. नदीकाठची टेकडी, पावसानं झालेला चिखल, वर जर्मनांची मशीनगन. केरबा सगळ्यांच्या पुढं. खंदकात उडी टाकली तर समोर जर्मन साहेब. साहेबानं रिव्हॉल्वरनं दोन गोळ्या घातल्या, दोन्ही छातीवर. तरी केरबानं संगीन चालवली, साहेबाला आडवा केला आणि त्याच्या हातातलं हत्यार काढून घेतलं. "मी पोचलो तवा बसला हुता. म्हणाला, धोंड्या, हे घरी दे. आन मान टाकली."

त्यांचा आवाज मोठा चांगला होता. कुठं थांबायचं, कुठं हळू व्हायचं, सगळं बसलेलं. साळूबाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. हवालदार गोळ्यांपाशी आले तेव्हा साळूबाईंनी डोळे मिटून घेतले.

सरपंच उठले. शाळेत गवंडी चौथरा बांधत होते तिकडे त्यांना जायचं होतं. "चालू द्या तुमचं," म्हणाले. "मी आलोच."

माझ्या फडक्याखाली आता लोखंड दिसायला लागलं होतं. पहिल्यांदा दिसला तो चाप. त्याला संरक्षणाची कडी नव्हती, आणि तो चाकूच्या पात्यासारखा आत दुमडत होता. असलं हत्यार मी एकदाच पाहिलं होतं, वडिलांच्या हातात. ते म्हणाले होते, "हे इटलीचं. साध्या शिपायांचं. साहेबांच्याला कडी असते." मी बाजू घासली. तिथं शहराचं नाव होतं, ब्रेशा. खाली साल, एकोणीसशे सतरा. म्हणजे केरबाच्या लढाईच्याही आधीच्या लढाईतलं.

त्यात तसं वावगं काही नव्हतं. इटलीनं हत्यारं खाली ठेवल्यावर जर्मनांनी त्यांची कितीतरी उचलली होती. पण मग दुसऱ्या बाजूचं कुंकू निघालं आणि खालून गरुड निघाला. पंख पसरलेला, पायात जर्मनांचं चिन्ह धरलेला.

"हाच त्यो गरूड," साळूबाई पुढं वाकून म्हणाल्या. "हवालदार नेहमी सांगत्यात. मी आज बघतीया."

मी भिंग लावलं. त्या जागी लोखंडाला जुन्या गंजाचे बारीक खड्डे पडले होते. सरकारी कारखान्यात ठोकलेल्या शिक्क्यावर मागाहून गंज चढला, तर रेघांच्या कडा खाल्ल्या जातात. इथं उलटं होतं. गंजाच्या खड्ड्यांवरून रेघा सरळ धावल्या होत्या, ताज्या, धारदार. रिव्हॉल्वर म्हातारं झाल्यावर कुणीतरी हातानं, कोरणीनं, घाईघाईत तो गरुड काढला होता. एक पंख दुसऱ्यापेक्षा आखूडही झाला होता.

मी घोडा मागं ओढला. गोळीच्या बुडावर आपटणारं त्याचं टोक, ज्याला आम्ही नाक म्हणतो, ते कानशीनं घासून साफ सपाट केलं होतं. त्यातून गोळी सुटणंच शक्य नव्हतं.

असं हत्यार कुठं तयार होतं ते मला ठाऊक होतं. वडील सांगायचे, लढाई संपली की बंदराच्या बाजारात असल्या वस्तू मांडून बसलेले असतात. घरी जाणाऱ्या शिपायांना दाखवायला काहीतरी हवं असतं. साधं रिव्हॉल्वर कोण घेणार? गरुड असला की भाव येतो.

मी वर पाहिलं. धोंडी हवालदार माझ्याकडेच बघत होते. खांबाला टेकलेली त्यांची पाठ सुटली होती.

"इथं उजेड कमी पडतोय," मी म्हणालो. "हवालदार, जरा बाहेर येता? शिक्का वाचायला मदत होईल."

घरामागं ओढा होता आणि काठाला उंबराचं झाड. आम्ही तिथं जाऊन उभे राहिलो. मी काही विचारायच्या आधीच ते बोलले.

"तुमास्नी कळलं."

"गरुड बाजारात कोरलाय," मी म्हणालो. "नाकही घासलंय. हे कुठं घेतलंत?"

"नेपल्सला. बोटीची वाट बघत पडलो हुतो. माझं घड्याळ देऊन घेतलं."

"आणि केरबा?"

ते खाली बसले. हात गुडघ्यावर ठेवून ओढ्याकडं बघत राहिले. मग सांगितलं. या वेळी त्यांना कुठं थांबायचं ते माहीत नव्हतं. वाक्यं अर्धीच पडत होती.

केरबा कुठल्या टेकडीवर चढलाच नव्हता. पलटण बोटीतून उतरली आणि आघाडीवर निघायच्या आधीच त्याला कावीळ झाली. बंदरातल्या लष्करी इस्पितळात ठेवला. त्याच्या बाजूच्या खाटेवर धोंडी, बोटीवरचं सामान उतरवताना पायाला जखम होऊन पडलेले. केरबानं एकसुद्धा गोळी झाडली नाही. त्याचीच त्याला लाज वाटायची. त्याचा बाप पहिल्या लढाईतनं बिल्ला घेऊन आलेला माणूस. "शेवटी शेवटी एकच म्हणायचा," धोंडी म्हणाले. "धोंड्या, कावीळ झाली म्हणून मेलो असं गावात सांगू नगंस. माझ्या बापाला तर नगंच. कायबी सांग, पर हे सांगू नगंस. मी शब्द दिला."

"तारेत काय होतं?"

"मरण पावला, येवढंच. कशानं, ते कुणी विचारलंच न्हाई. मी आलो, बंदूक पुढ्यात ठेवली, आन जे तोंडाला आलं ते सांगितलं. केरबाच्या म्हाताऱ्या बापानं मला मिठी मारली. वाटलं, चला, फिटलं."

ओढ्यात कुणाचं तरी रेडकू उतरलं होतं. त्याला कुणी हाकलत नव्हतं.

"म्हातारा वाईट न्हवता," ते पुढं म्हणाले. "आमच्यात पाट लावत्यात. सून तरणी, मूलबाळ न्हाई. वरीसभरानं त्यानंच मला बोलावलं. म्हणाला, तू त्याचा दोस्त, तूच हिला पदरात घे. माझ्या मनातलंच बोलला बघा. मी कुणाला कधी बोललो न्हवतो, पर पयल्या दिवशी बंदूक दिली तवापासनं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तिला ईचारलं. ती माझ्या तोंडावर म्हणाली, ज्यानं छातीवर गोळ्या झेलल्या त्याच्या जागी मी दुसरा कसा बघू? तुम्हीच सांगा हवालदार, तुम्ही तर डोळ्यानं बघितलंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हणलं, खरं हाय वहिनी."

त्यानंतर त्यांनीही लग्न केलं नाही. साळूबाईंचं शेत त्यांनीच नांगरलं, छप्पर त्यांनीच शाकारलं. आणि दसरा आला की साळूबाई म्हणायच्या, सांगा वो. मग ते उंबऱ्याबाहेर बसून सांगायचे.

"गरुडाचं लिहू नका," ते म्हणाले. "तुमच्या पाया पडतो."

"मी खोटं लिहिणार नाही, हवालदार," मी म्हणालो. "कचेरीनं विचारलंय तेवढंच लिहीन. बनावट कुठली, चालू की बंद, किंमत किती. केरबा कसा गेला हे त्यांनी विचारलेलं नाही."

त्यांनी माझे हात धरले.

आम्ही परत आलो तेव्हा साळूबाईंनी चहा करून ठेवला होता. मी रिव्हॉल्वर ताटात ठेवलं आणि कप उचलला. साळूबाई हत्याराकडं बघत होत्या. रंग गेल्यावर ते लहान दिसत होतं, कुणाचं तरी सोडून दिलेलं असावं तसं. त्यांनी बोट पुढं केलं आणि घोड्यावरून फिरवलं. मी ओढून पाहिला तसा त्यांनीही ओढून पाहिला. सपाट झालेल्या टोकावर त्यांचं बोट थांबलं.

"सुटती का ह्यातनं गोळी?"

"नाही, मावशी. हे टोक घासून टाकलंय."

"कवापासनं?"

मी धोंडी हवालदारांकडं पाहिलं. ते दाराबाहेर बघत होते. मला ठाऊक नाही असं म्हणता आलं असतं. पण वैद्यानं नाडी धरल्यावर घरचे त्याच्या तोंडाकडं बघतात, तशा त्या माझ्याकडं बघत होत्या. आणि मला वाटलं, त्यांनी विचारलंय ते पहिल्यांदा विचारलंय.

"तुमच्या घरी आलं त्याच्या आधीपासून," मी म्हणालो. "बरंच आधीपासून."

त्यांनी घोडा हळूच पुन्हा जागेवर सोडला.

"मग मालकांस्नी गोळ्या कशातनं लागल्या?"

हा प्रश्न मला नव्हता. धोंडी हवालदार उंबऱ्यावर बसले. इतकी वर्षं ते उंबऱ्याबाहेर बसत आलेले. आज पाय आत आणि अंग बाहेर असे कसेतरी बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "गोळ्या लागल्या न्हाईत."

"मग?"

"कावीळ झाली हुती."

मला वाटलं त्या ओरडतील, नाहीतर उठून आत जातील. तसं काही झालं नाही. त्यांनी रिव्हॉल्वरवरचा हात काढून मांडीवर घेतला आणि अगदी हळू आवाजात एकेक विचारायला लागल्या.

"कुठं हुते?"

"इस्पितळात. बंदरात."

"एकलेच?"

"न्हाई. मी बाजूला हुतो."

"पाणी कोण द्यायचं?"

"मी द्यायचो. नर्सबाई हुत्या, पर त्यांची बोली त्याला कळत न्हवती."

"काय खावंसं वाटायचं?"

हवालदारांनी मान खाली घातली. "ताक मागायचा," ते म्हणाले. "दिसभर ताक मागायचा. म्हणायचा, साळूला सांग, ताक कर. तिथं कुठनं आणायचं ताक? एकदा दुधाच्या पावडरीत लिंबू पिळून दिलं. प्याला. म्हणाला, ह्ये न्हवं."

"माझ्या घरात तवा दोन म्हसरं हुती," साळूबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांना रडू फुटलं. मी माणसं रडताना पाहिली आहेत, पण हे रडणं वेगळं होतं. नुकताच निरोप आलेल्या बाईचं असतं तसं, कपाळ भिंतीला लावून, हाका मारत. अंगण ओलांडून शेजारची बाई दारापर्यंत आली. मी तिला हातानंच माघारी धाडलं.

बऱ्याच वेळानं त्या शांत झाल्या.

"तार आली तवा मी पोरगी हुते," त्या म्हणाल्या. "खरंच वाटलं न्हाई. तुम्ही आलासा तवा खरं वाटलं. रडाय बसले, तर मामंजी म्हणाले, वाघाच्या बायकूनं रडायचं न्हाई. गावबी तसंच म्हणालं. मी रडलेच न्हाई हवालदार. लढाईतल्या माणसाला काय रडायचं? त्यो कुणीतरी मोठाच हुता. माझ्या ताकासाठी तळमळल्याला माणूस माझा हुता."

"त्यानं शब्द घेतला हुता वहिनी."

"घेतला असंल. सासऱ्याला न्हाई सांगितलंसा, गावाला न्हाई सांगितलंसा, बरं केलंसा." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पर सासरा जाऊन किती वर्सं झाली. मला सांगायचं."

हवालदार उंबऱ्याच्या लाकडावरून बोट फिरवत राहिले.

"ह्या दारात बसून मेलेल्याची गोष्ट सांगितलीसा. दर वर्साला सांगितलीसा. एकदा तरी सोताची सांगायची हुती."

त्यांनी मान वर केली. दोघं एकमेकांकडं पाहत राहिले आणि मी कप उचलून अंगणात आलो. आत पुढं काही बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही. मला काही ऐकू आलं नाही.

सरपंच आले ते हसतच. "झालं का? जर्मनचं न्हवं?"

"इटलीच्या बनावटीचं आहे," मी म्हणालो. "सतरा सालचं. बंद आहे."

"आन गरूड?"

"मागाहून कोरलाय."

"मग जर्मनानंच कोरला असंल की! त्याच्या हातात आल्यावर." त्यांचं त्यांनीच उत्तर काढलं आणि त्यांचं समाधान झालं. "किंमत काय लावता?"

चांगल्या स्थितीत असतं तर एखाद्या शौकिनानं बरे पैसे मोजले असते. पण घासलेलं नाक आणि खोटा गरुड असलेल्या हत्याराला कुणी हात लावला नसता. मी म्हणालो, "बाजारात भंगाराच्या वर काही येणार नाही."

सरपंचांचा चेहरा पडला. "भंगार नका लिहू वो. कलेक्टर वाचत्यात. अमूल्य लिहा."

मी 'विक्रीयोग्य नाही' असं लिहिलं. त्यावर सरपंच आणि कलेक्टर, दोघांनाही हरकत घेता येत नव्हती.

साळूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. डोळे सुजलेले. सरपंचांना वाटलं, घरातली वस्तू जाणार म्हणून वाईट वाटतंय. "वहिनी, उद्‌घाटनापर्यंत ठेवा की तुमच्याकडंच," ते म्हणाले.

"नगं. आजच न्या," साळूबाई म्हणाल्या. ताट त्यांच्या हातात दिलं आणि माघारी वळल्या.

उद्‌घाटनाला मला आमंत्रण होतं, पण मी गेलो नाही. सरपंच नंतर दुकानात आले तेव्हा सांगत होते, सोहळा झकास झाला. कलेक्टरांनी पेटीवरचा पडदा दूर केला, पोरांनी सलामी दिली. धोंडी हवालदारांना पुढं बसवून गोष्ट सांगायला उठवलं, तर म्हणाले घसा बसलाय. मग सरपंचांनी स्वतःच सांगितली. "मला पाठच हाय ती," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर त्या बाजूच्या एका बागाईतदाराची बंदूक दुरुस्त करायला जाणं झालं. परतताना मी वाट वाकडी करून करंजवाडीला गेलो. साळूबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. मला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मग मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "हवालदार गेले."

श्रावणात ताप आला होता, आठवड्यात संपले. त्या दिवसानंतर ते या दारात कधी आले नव्हते. शेत मात्र नांगरायचे. साळूबाई भाकरी पाठवायच्या, ते बांधावर बसून खायचे आणि फडकं धुऊन परत पाठवायचे. दोघांत बोलणं नव्हतं. भांडणही नव्हतं. त्या म्हणाल्या, "काय बोलावं ते दोघास्नीबी सुदरलं न्हाई. वाटायचं, आज बोलू, उद्या बोलू. ह्या वयात लोक काय म्हणतील, ह्येबी वाटायचं."

"शेवटी भेट झाली का?"

"कुठली? पुतण्यांचं घर ते. मी कोण म्हणून जायचं? नेताना ह्याच वाटेनं नेलं. मी हितं उभी हुते, दारात."

त्या पुन्हा भाताशी गेल्या. पायानं भात उलटापालटा करत, माझ्याकडं पाठ करून बोलत राहिल्या.

"मालक गेले तवा त्यांचं तोंडसुदिक मला धड ठावं न्हवतं. तरी समदं केलं. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, सुतक धरलं." त्या थांबल्या. कोंबडी भातात शिरली होती, तिला हाकललं नाही. "हवालदारांचं मला सुतकबी न्हाई, भाऊ."